सह्याद्रीहून जुनी अक्षरं

श्रोतेहो, नमस्कार.

घाटात गाडी थांबवून कड्याच्या काळ्या दगडावर कधी हात ठेवलाय? तो दगड म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा. आज ज्याबद्दल बोलणार आहे, ते त्याहून जुनं आहे आणि या क्षणी तुमच्या-माझ्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत आहे.

डीएनए म्हणजे चारच अक्षरांत लिहिलेला लांबलचक मजकूर. 2004 साली कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या विद्यापीठात गिल बेजेरानो, डेव्हिड हॉसलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाचा आणि उंदरांच्या दोन जातींचा मजकूर शेजारी-शेजारी मांडला. त्यांना 481 जागा अशा सापडल्या, जिथे सलग 200 किंवा त्याहून जास्त अक्षरं तिघांत तंतोतंत सारखी होती. सर्वांत लांब तुकडा 779 अक्षरांचा. काना-मात्रेचाही फरक नाही!

आपली आणि उंदरांची वाट साडेसात ते नऊ कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली. ज्या भागांवर कसलंच बंधन नाही, तिथे एवढ्या काळात सुमारे एक तृतीयांश अक्षरं बदलून गेली आहेत. मग हेच तुकडे जसेच्या तसे कसे? उत्क्रांती म्हणजे बदल, तर इथे ती थांबली की काय?

मला इथे एकनाथ महाराज आठवतात. ज्ञानेश्वरी 1290 सालची. पुढच्या तीनशे वर्षांत नकला करता करता इतके पाठभेद शिरले, की 1584 मध्ये नाथांना बसून शुद्ध प्रत तयार करावी लागली. नकलेत चूक होणारच. निसर्गात मात्र चुका दुरुस्त करून देणारे नाथ नाहीत. तिथे बिघडलेली प्रत पुढच्या पिढीपर्यंत पोचतच नाही, किंवा कमी पोचते. नैसर्गिक निवडीचं हे गाळणीचं काम नव्या गोष्टी घडवण्याच्या कामाइतकंच मोठं आहे, आणि आपण शाळेत ते फारसं शिकवत नाही याची मला खंत वाटते.

कोणी म्हणेल, या तुकड्यांत मुळात चुकाच होत नसतील. तसं नाही. 2007 साली माणसामाणसांतले फरक तपासले, तेव्हा इथेही नवे बदल होताना दिसले. ते विरळच राहतात, पसरत नाहीत.

आणखी एक गंमत. डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांना हिस्टोन म्हणतात. त्यांतलं एच-4 नावाचं प्रथिन म्हणजे 102 कड्यांची साखळी, एकेक कडी म्हणजे एकेक अमिनो आम्ल. वाटाण्याच्या आणि गाईच्या एच-4मध्ये फक्त दोन कड्यांचा फरक. पण ते प्रथिन ज्यात लिहिलंय ती डीएनएची अक्षरं मात्र बरीच बदललेली, कारण एकच कडी वेगवेगळ्या अक्षरांनी लिहिता येते. म्हणजे अर्थ तोच, शब्द वेगळे. आपल्या 481 तुकड्यांत तेवढीही मोकळीक दिसत नाही, आणि त्यांतले बरेच तर प्रथिनाची कृती सांगतही नाहीत.

मग खरा धक्का बसला. 2007 मध्येच संशोधकांनी असे चार तुकडे उंदरांतून एकेक करून काढून टाकले. उंदीर जगले, वाढले, त्यांना पिल्लंही झाली. तेव्हा अनेकांना वाटलं, उत्क्रांतीचं गणितच कुठेतरी चुकलंय. पण 2018 साली मेंदूच्या घडणीत महत्त्वाचं असलेल्या एआरएक्स या जनुकाजवळचे असे तुकडे काढून पाहिले, तेव्हा पिल्लं जगली खरी, पण जवळजवळ प्रत्येक प्रकारात दोष निघाला. कुठे चेतापेशींची संख्या बदललेली, कुठे मेंदूची रचना बिघडलेली, कुठे वाढच कमी. पिंजऱ्यात आयतं दाणा-पाणी मिळतं, तिथे असला उणेपणा झाकला जातो. रानात, हजारो पिढ्यांत, तो झाकला जात नाही. मला वाटतं, 2007 साली घाई निष्कर्षाची झाली.

तरीही कोडं सुटलेलं नाही बरं का. 2021 साली अशा तुकड्यांतली अक्षरं मुद्दाम बदलून पाहिली, तर बहुतेकांचं काम, म्हणजे जवळचं जनुक योग्य जागी चालू करण्याचं काम, चालूच राहिलं. काम एवढं सहनशील असेल, तर अक्षर न् अक्षर कोट्यवधी वर्षं का जपलं गेलं? कदाचित एकाच तुकड्यावर अनेक कामांचा बोजा असेल. डोळे घडताना एक, मेंदू घडताना दुसरं, आणि आपण आतापर्यंत त्यातलं एखादंच पाहिलं असेल.

नमस्कार.