पाणी दिलेलं पोलाद

कोल्हापूरजवळची शिरोली एमआयडीसी, रात्रपाळी. भट्टीचं दार वर सरकतं. आत ईएन 19 जातीच्या पोलादाचे शाफ्ट केशरी तापलेत, मीटरवर 850 अंश. ट्रे उचलला, तेलात गेला. भसकन ज्वाळ उठते आणि विझते.

शाफ्ट गार झाल्यावर ऑपरेटर त्यावर कानस ओढून बघतो. कानस लागतच नाही, काचेवरून निसटावी तशी निसटते. भट्टीत जाण्याआधी हीच कानस भुसा पाडत होती.

पोलादाच्या पोटात नेमकं काय घडलं? साधारण 730 अंशांच्या पुढे लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलू लागते आणि कार्बनला आत शिरायला जागा होते. या पोलादात तो जेमतेम 0.4 टक्के. सावकाश निवू दिलं, तर तो मांडणीतून निवांत बाहेर पडतो आणि पोलाद मऊ राहतं. तेलात बुडवलं, की त्याला सवडच मिळत नाही. तो अडकतो, मांडणी ताणली जाते. या ताणलेल्या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात, जर्मन अभ्यासक अडॉल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून. रॉकवेलच्या मापात कठीणपणा आता 50 च्या वर.

पण असा शाफ्ट गाडीत बसवायचा नाही. तो ठिसूळ आहे, दणक्याला तडकेल.

ऊसतोडीचा कोयता घडवणाऱ्या लोहाराला हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. पाणी दिल्यावर, म्हणजे तापलेला कोयता पाण्यात बुडवून कठीण केल्यावर, तो धार दगडावर घासून चकचकीत करतो आणि पाठीकडून पुन्हा शेक देतो. मग रंग धारेकडे सरकू लागतात: आधी गवती पिवळा, 230 अंशांच्या आसपास, मग तपकिरी, जांभळा, 300 जवळ निळा. पोलादावर साचणाऱ्या ऑक्साइडच्या अतिपातळ थराचे हे रंग. हवा तो रंग धारेवर आला, की कोयता पुन्हा पाण्यात. पिवळ्यावर थांबवला तर धार टिकते, पण दणका बसला तर ती वाकत नाही, तिचा तुकडा उडू शकतो. निळ्याकडे नेला तर थोडी नरम, पण चिवट.

शिरोलीत रंगाऐवजी मीटर असतो, इतकंच. शाफ्ट 600 अंशांना पुन्हा तापवतात, कठीणपणा मुद्दाम 30-35 वर आणतात. याला टेंपरिंग म्हणतात, आणि ते लांबणीवर टाकायचं नाही. पाळी बदलली म्हणून ट्रे सकाळपर्यंत तसाच ठेवला, तर आतल्या ताणानं नुसता पडल्या जागी शाफ्ट तडकू शकतो.

पहाटे तीच कानस. आता ती लागते, पण जोर लावावा लागतो. ऑपरेटर मान डोलावतो. शाफ्ट ग्राइंडिंगला जातो.