कुंपणाकडेची मक्याची रांग

मंडळी, आधी माझी फजिती सांगतो. गोड मका मी पहिल्यांदा लावला तो कुंपणाच्या कडेने, एका रांगेत, वीस-बावीस झाडं. जागा वाया जायला नको, एवढाच हिशेब. झाडं डोक्याच्या वर गेली, तुरे आले, कणसं धरली, आणि सोलून बघतो तर सगळी बोळकी! इथे चार दाणे, मग मोकळी हिरडी, मग पुन्हा दोन दाणे. मी बियाण्याच्या नावाने बोटं मोडली. बियाणं बिचारं चांगलं होतं.

मक्याचं लग्न वारा लावतो. शेंड्यावरचा तुरा हा नर, पानाच्या बेचक्यात येणारं कणीस ही मादी. मुलं ज्याच्या मिशा लावून हिंडतात, तो कणसाच्या तोंडचा रेशमी केस घ्या. त्यातला एकेक केस एकेका दाण्याचा. त्यावर पराग पडला तर दाणा भरणार, नाही तर ती जागा रिकामी. कणसावर चारशे दाणे हवेत, तर चारशे केसांवर पराग पडायला हवा. एकाच रांगेत लावलात आणि वारा आडवा आला, की तो सगळा पराग शेजाऱ्यांच्या तुळशीवर. म्हणून झाडं वीसच असू द्या, पण चार-पाच आखूड रांगांचा चौकोन करा. शिवाय केस बाहेर पडले की सकाळी ऊन चढायच्या आत झाडं हलकेच हलवा.

आता अंतर. दहा फूट बाय दहा फुटांचा वाफा धरू. दोन रांगांत दोन फूट, रांगेतल्या दोन झाडांत वीतभर आणि वर एक बोट, म्हणजे साधारण २५ सेंटीमीटर. पाच रांगा, रांगेला बारा, एकूण साठ झाडं. गोड मक्याचं बी सुरकुतलेलं असतं. पिठूळ साठा कमी, म्हणून उगवायला जोर कमी. इंचभरापेक्षा खोल टाकू नका आणि चिखलात तर नकोच, कुजतं. एका जागी दोन बिया टाका, दहा-बारा दिवसांनी एकच रोप ठेवा. इथे आपला हात कचरतो. पण दोन्ही रोपं राखली तर दोन्हींची कणसं बोटाएवढी राहतात. नकोसं रोप उपटू नका, कात्रीने कापा, म्हणजे शेजारच्या मुळाला धक्का नाही.

खताकडे येऊ. मका नत्राचा, म्हणजे नायट्रोजनचा, मोठा खादाड. शेतातल्या मक्याला हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि ४० किलो पालाश (पोटॅश) हे प्रमाण धरतात. आपल्या वाफ्याला ते बसतं असं: नत्रासाठी युरिया २४० ग्रॅम, स्फुरदासाठी सिंगल सुपर फॉस्फेट ३५० ग्रॅम, पालाशसाठी म्युरेट ऑफ पोटॅश ६० ग्रॅम. आधी दोन घमेली कुजलेलं शेणखत मातीत मिसळायचं. सुपर फॉस्फेट आणि पोटॅश पेरताना सगळं द्यायचं, युरिया मात्र तीन हप्त्यांत: ८० ग्रॅम पेरताना, ८० ग्रॅम एका महिन्याने, उरलेला चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, तुरा बाहेर पडायच्या आधी. नत्र पाण्याबरोबर खाली वाहून जातं, आणि रोपाची खरी भूक महिन्यानंतरची. पहिल्याच दिवशी सगळं वाढलं तर जेवणाऱ्याच्या आधी पाऊसच पान उचलतो.

८० ग्रॅम साठ झाडांना म्हणजे झाडाला सव्वा ग्रॅमच्या आसपास. एक चमचा तीन-चार झाडांना पुरतो. मूठ भरू नका! खोडापासून चार बोटं लांब, ओल्या मातीत द्यायचं, वर मातीची भर लावायची. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, युरियाचे दाणे पडले तर पान करपतं.

रासायनिक खत नको म्हणणारे इथे बरेच दिसतात. हरकत नाही, पण हिशेब तोच लागतो. वाफ्याला नत्र हवं ११० ग्रॅम. गांडूळखतात ते दीड-दोन टक्के, म्हणजे सहा-सात किलो खत झालं, आणि तेही सावकाश सुटणार. ओंजळभर टाकून मका हिरवागार होईल, ही आशा सोडा. खालची पानं टोकाकडून मधल्या शिरेच्या बाजूने पिवळी पडत आत आली, की नत्र कमी पडलं समजा. कडा करपल्या तर पालाश.

मका खाणाऱ्या लष्करी अळीचं दोन शब्दांत सांगतो. आपल्याकडे ती २०१८ पासून आहे. पोंग्यात भुशासारखी विष्ठा दिसली की सकाळी बोटाने अळी काढा. साठ झाडांना तेवढं पुरतं.

जवळपास कुणाचा साधा मका असेल तर पेरणी पंधरा दिवस मागेपुढे करा. त्याचा पराग आपल्या केसांवर पडला, तर त्याच कणसातले दाणे पिठूळ होतात.

केस बाहेर पडल्यापासून अठरा-वीस दिवसांनी ते तपकिरी होऊन सुकतात. तेव्हा कणसाचं टोक सोलून दाण्याला नख लावा. पाणी निघालं तर थांबा, दूध निघालं तर तोडा, पीठ लागलं तर उशीर झाला. तोडलेल्या कणसातली साखर उन्हाळ्यात फार झपाट्याने कमी होते. आमच्याकडे म्हणून पातेलं आधी चुलीवर चढतं, मग मी वाफ्यात जातो.