टॅक्रोची लेव्हल हलली, की पॅच बघा

(मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक यांच्या मेळाव्यात एका निवृत्त हॉस्पिटल फार्मासिस्टनं केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन.)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय 'तीव्र वेदनाशामकं आणि प्रत्यारोपणानंतरची औषधं'. टॅक्रोलिमस, म्हणजे आपलं टॅक्रो, शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून रोज ठरल्या वेळी घ्यायचं औषध, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. थोड्या वेळात आठ वाजतील, तेव्हा या सभागृहात किती गजर होतात ते ऐकूच.

मी सुरुवात घरापासून करते. माझे धाकटे दीर. नऊ वर्षांपूर्वी त्यांची किडनी बदलली, जाऊबाईंनी स्वतःची दिली. स्टेरॉइडनं हाडं ठिसूळ झालेली, त्यात पावसाळ्यात अंगणात पाय घसरला आणि मणका दबला. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन आपल्याला वर्ज्य. टॅक्रो किडनीतल्या रक्तवाहिन्या आधीच आवळतं, त्यात ही औषधं भर घालतात. पॅरासिटामॉलनं भागेना, ट्रामाडॉलही पुरेना, शेवटी फेंटानिलचा पॅच आला, म्हणजे मॉर्फिनच्या जातीच्या फार तीव्र वेदनाशामकाची चिकटपट्टी. खांद्यामागं चिकटवायचा, तीन दिवसांनी बदलायचा. तो त्यांना मानवला. महिन्याभरात भाऊजी अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचायला लागले.

मग खोकला झाला, ताप आला. जवळच्या डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं. जाऊबाई हुशार बाई, गोळी देण्याआधी त्यांनी मला फोन केला. मी लगेच म्हटलं, "यानं टॅक्रो चढतं. किडनीच्या डॉक्टरांना कळवा, रक्तातली लेव्हल करा, डोस कमी करावा लागेल." त्यांनी सगळं केलं. लेव्हल चढलेलीच निघाली, डोस निम्मा झाला. आम्ही सगळे निश्चिंत.

चौथ्या दिवशी जाऊबाई म्हणाल्या, "खोकला थांबलाय ना, म्हणून शांत झोपतायत." संध्याकाळी मी गेले. हाक मारली की ओ द्यायचे, पुन्हा डोळे मिटायचे. मी घड्याळ लावून श्वास मोजले. मिनिटाला सात! अ‍ॅम्ब्युलन्समध्ये मी त्यांचं नाव घेत होते आणि पुढचा श्वास येतो की नाही ते बघत होते. कॅज्युअल्टीत फाइल उघडली गेली. क्रिएटिनिन ठीक, साखर ठीक, टॅक्रोची लेव्हलही आता जागेवर. डोक्याचा स्कॅन करायचं ठरत होतं. तेवढ्यात गाऊन बदलणाऱ्या सिस्टरनं विचारलं, "पाठीला हे काय चिकटवलंय?"

पॅच काढला, फेंटानिलवरचा उतारा म्हणून नॅलोक्सोन दिलं. भाऊजींनी डोळे उघडले आणि पहिली किंकाळी मारली ती मणक्याच्या वेदनेनं. तो आवाज मला अजून ऐकू येतो. पॅच काढला तरी कातडीत साठलेलं औषध कितीतरी तास रक्तात उतरत राहतं, म्हणून रात्रभर नॅलोक्सोन ड्रिपमधून चालू ठेवावं लागलं.

मंडळी, अठ्ठावीस वर्षं मी औषधांच्या काउंटरमागे काढली. क्लॅरिथ्रोमायसिननं फेंटानिलही चढतं हे मला पाठ होतं. तरी फोनवर मी पॅचचं नाव काढलं नाही. ते मला आजही बोचतं, आणि का काढलं नाही यावर मी खूप विचार केलाय. टॅक्रोला लेव्हल आहे. कागदावर आकडा येतो, तो वर गेला की दहा माणसं जागी होतात. फेंटानिलची लेव्हल आपल्याकडे रोजच्या उपचारात कुणी करत नाही. जे मोजलं जातं त्याकडे आपलं लक्ष जातं, आणि न मोजलेलं तसंच पाठीला चिकटून राहतं.

ही दोन औषधं शरीरात मोडणारं मुख्य एन्झाइम एकच, सीवायपी थ्री-ए-फोर. ते यकृतात असतं, आतड्याच्या भिंतीतही असतं. गावात पिठाची गिरणी एक, गहू तिथंच आणि ज्वारीही तिथंच, असं समजा. गहू-ज्वारीचं आपसात फारसं बिनसत नाही. फेंटानिल आणि टॅक्रो एकमेकांना सहसा मोठा त्रास देत नाहीत. पण तिसऱ्या कुणी गिरणी बंद पाडली, तर दोघांचीही पोती दारात साचतात. क्लॅरिथ्रोमायसिन हे करतं. बुरशीवरचं फ्लुकोनाझोल करतं, रक्तदाबाचं डिल्टियाझेमही करतं. कोकणातली मंडळी आहेत का इथं? आहेत. पपनस खायचं नाही. ग्रेपफ्रूट नको हे आपल्याला सांगतात, पण ते आपल्या बाजारात दिसतं कुठं? दिसतं ते पपनस, आणि पपनसानं टॅक्रो चढल्याची नोंद झालेली आहे.

गंमत बघा, टॅक्रो सापडलं 1984 साली जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूत. नावातला 'ट' त्या त्सुकुबाचा. रासायनिक कुळ मॅक्रोलाइड, आणि क्लॅरिथ्रोमायसिनही मॅक्रोलाइडच. म्हणजे भावकीच! भांडण मात्र कुळावरून नाही, गिरणीवरूनच आहे...

वाजले बघा गजर. घ्या, घ्या, पाणी मागच्या टेबलावर आहे. मी थांबते.

साडेआठला हॉल सोडायचाय अशी चिठ्ठी आली आहे, तेव्हा छापलेला विषय आता भराभर. टीबीसाठी रिफॅम्पिसिन सुरू झालं तर उलटा प्रकार: गिरणी दुप्पट जोरात चालते, टॅक्रो घसरून किडनी नाकारली जाण्याची भीती, आणि त्याच वेळी पॅच लावूनही दुखणं परततं. त्या माणसाला 'नाटक करतोय' म्हणू नका. रिफॅम्पिसिन थांबल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत दोन्ही औषधं पुन्हा चढतात, तेव्हाही लक्ष हवं.

ट्रामाडॉलनं फिट येऊ शकते, टॅक्रो जास्त झालं तर त्यानंही येऊ शकते. हात थरथरत असतील तर आधी सांगा. मेथाडोन हे तीव्र वेदनाशामक आणि टॅक्रो दोन्ही ईसीजीमधला क्यूटी हा काळ लांबवतात, त्यानं हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून ईसीजी काढून घ्या. मॉर्फिन या गिरणीवर फारसं जातच नाही, पण त्याचे अवशेष किडनीतून बाहेर पडतात. क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनी मंदावलेली असेल तर तेच साचून गुंगी आणतात.

आणि एक राहिलंच. दोन्ही पाय, गुडघे, पावलं सारखीच ठणकत असतील, तर कधीकधी ते दुखणं टॅक्रोचंच असतं. तिथं आणखी जोराचं वेदनाशामक मागण्याआधी लेव्हल बघायला सांगा, डोस कमी करून उतार पडू शकतो. स्वतःच्या मनानं मात्र टॅक्रो कमी करू नका, पॅचही उपटू नका. फक्त माणूस गुंगला आणि श्वास मंदावला, तर पॅच काढायचा आणि तडक हॉस्पिटल गाठायचं.

तुमची टॅक्रोची वही आहे ना, तारीख, डोस, लेव्हल लिहिता ती? तिच्यात आज घरी जाऊन एक रकाना आखा. पॅच किंवा दुखण्याची गोळी कोणती, आणि पॅच असेल तर अंगावर नेमका कुठं. भाऊजींच्या वहीत तो रकाना आता जाऊबाई लाल शाईनं भरतात.