भाजी आणायला गेले आणि एस्प्रेसो पिऊन आले: ग्रोसरी स्टोअरमधली कॉफी अशी का लागते?

(गाडीत बसून, हातात छोटा कागदी कप)

हां, तर मी आत्ता दुकानाच्या पार्किंगमधे बसलेय, मागच्या सीटवर कोथिंबीर, कांदे, दूध आणि पोरांसाठी घेतलेला व्हॅनिला आइस्क्रीमचा डबा, आणि हातात हा डबल एस्प्रेसो, आतल्या कॉफी बारवरून घेतलेला. काउंटरपासून गाडीपर्यंत यायला दोन मिनिटं लागली असतील, तेवढ्यात वरचा तो सोनेरी फेस, क्रेमा म्हणतात त्याला, तो बघा (कप कॅमेऱ्याजवळ), कडेला नुसतं एक रिंगण राहिलंय. आता पिते.

हं. आधी कडू, मग अजून कडू, आणि घोट खाली गेल्यावर जिभेवर काय राहतंय माहितीये, फरसाण डब्यात महिनाभर राहिलं की जो खवट वास मारतो ना, तसलं काहीतरी.

आधी एक सांगते, नाहीतर घोळ होतो. माझ्या आईला मी फोनवर एस्प्रेसो म्हटलं की तिच्या डोळ्यासमोर लग्नातला स्टॉल येतो, तो फुर्रर्र करणारा स्टीलचा बंब, कपात फेटलेली इन्स्टंट कॉफी नि साखर, त्यावर वाफेनं फेसाळलेलं दूध आणि वरून चॉकलेट पावडर भुरभुरलेली. तिचं काही चुकत नाही, आपल्याकडं कित्येक वर्षं ‘एक्स्प्रेसो’ म्हणजे तेच. मी बोलतेय ते इटलीवाल्या एस्प्रेसोबद्दल. साधारण १८ ग्रॅम बारीक दळलेली कॉफी, त्यातून ९० ते ९६ डिग्रीचं पाणी ९ बार दाबानं ढकलायचं, आणि २५-३० सेकंदांत ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी कपात उतरली पाहिजे. ९ बार म्हणजे किती? आपल्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आत साधारण १ बार जास्तीचा दाब असतो. त्याच्या नऊपट. १९६१ ला फाएमा कंपनीचं ई६१ मशीन आलं, त्यात दाबासाठी पंप लावला आणि मग हा ९ चा आकडा सगळीकडं रुळला.

आता एवढ्या दाबाखाली दळण जरा जाड झालं तर पाणी दहा-बारा सेकंदांत सटकन निघून जातं आणि शॉट, म्हणजे एका वेळी काढलेला एस्प्रेसो, आंबट लागतो, बारीक झालं तर थेंब थेंब गळत बसतं आणि कडूजहर. आणि हे दळण एकदा सेट केलं म्हणजे झालं असंही नाही, हवा दमट झाली, बिया दोन दिवस जुन्या झाल्या, की परत ग्राइंडरला हात लावा, परत शॉट काढा, चाखा, ओता, परत काढा. चांगल्या कॅफेत सकाळी उघडायच्या आधी हेच चालू असतं, तीन-चार शॉट सिंकमधे जातात. ग्रोसरी स्टोअरमधे हे कोण करणार सांगा? जो पोरगा कॉफी बारवर उभा आहे तोच तासाभरापूर्वी बेकरीत ब्रेड लावत होता, एकटा आहे, आणि दिवसभरात साधा एस्प्रेसो मागणारी मी एकटीच वेडी. बाकी सगळे लाटे, त्यात व्हॅनिला सिरप, त्यात कॅरॅमल. कपभर गोड दुधात शॉट आंबट होता का करपट, कुणाला कळतंय! त्यामुळं तक्रार येत नाही, आणि तक्रार नाही म्हणून कुणी चाखत नाही.

आम्ही राहतो सिअ‍ॅटलजवळ, जिथं १९७१ ला स्टारबक्सचं पहिलं दुकान निघालं. इथं सेफवे म्हणा, टार्गेट म्हणा, कित्येक दुकानांत आत शिरलं की तो हिरवा बोर्ड दिसतोच. पण तो काउंटर बहुतेक वेळा लायसन्सवर चालतो, म्हणजे बिया त्यांच्या, रेसिपी त्यांची, मशीन त्यांनी ठरवलेलं, पण आत उभी असलेली माणसं त्या दुकानाच्या पगारावर. मला हे बरीच वर्षं माहीतच नव्हतं. दुसरा प्रकार होल फूड्स ह्या ग्रोसरी चेनसारखा, त्यांनी १९९७ ला अलेग्रो नावाची कॉफी कंपनीच विकत घेऊन टाकली.

एक जुनी गोष्ट आठवली. २००७ ला स्टारबक्सचा तेव्हाचा चेअरमन हॉवर्ड शुल्ट्झ, त्यानं कंपनीतल्या वरिष्ठांना एक पत्र लिहिलं, ते बाहेर फुटलं, त्यात तो म्हणत होता की ऑटोमॅटिक मशीन आणून काम फास्ट झालं खरं पण त्यातला रोमान्स गेला, मशीन एवढं उंच की कॉफी बनताना गिऱ्हाइकाला दिसतच नाही. मग २६ फेब्रुवारी २००८ ला त्यांनी अमेरिकेतली साधारण ७,१०० दुकानं संध्याकाळी तीनेक तास चक्क बंद ठेवली, कशासाठी, तर एस्प्रेसो नीट काढायला शिकवायला. आणि ही ७,१०० म्हणजे कंपनी स्वतः चालवते ती दुकानं, ग्रोसरीतले काउंटर नाहीत.

आता माझं मत, कॉफीवाल्यांना आवडणार नाही. ग्रोसरी स्टोअरमधे मला बटणवालं मशीनच बरं वाटतं. दोन हँडलचं चकचकीत इटालियन मशीन दिसलं की आपण खूश होतो, पण ते मशीन माणसावर चालतं, आणि माणूस तर ब्रेड लावतोय. बटणवालं मशीन प्रत्येक कपाला ताजं दळतं, स्वतः दाबतं, स्वतः खंगाळतं. भारी शॉट कधीच येणार नाही, पण भयानक पण सहसा नाही. एका दुकानात, नाव नाही घेत, माझ्यासमोर मस्त मशीनवर शॉट काढला, मग ती पोरगी फोन घ्यायला गेली, चार मिनिटांनी आली आणि तोच कप हसून माझ्या हातात दिला. मीही घेतला, काय करणार, मागं लाइन होती.

आणि हो, कडू म्हणजे वाईट असं नाही हां. मोठ्या चेनची एस्प्रेसो रोस्ट मुद्दाम गडद भाजलेली असते, दुधात चव उतरायला. ती कडू लागणारच. खवटपणा मात्र वेगळा, तो कॉफीच्या तेलाचा. मशीनमधे पाणी जिथून पडतं त्या गरम धातूला रोज तेल चिकटतं, ते दिवसाच्या शेवटी पावडर टाकून धुतलं नाही की पुढच्या प्रत्येक कपात थोडं थोडं उतरतं. ते आपल्याला बाहेरून दिसत नाही, पण वाफेची नळी दिसते. तिच्यावर दुधाचा पांढरा थर वाळलेला असेल तर आतलं कोण घासत असेल? मी आता आधी नळी बघते आणि मग ऑर्डर देते. आज नाही बघितली.

शिवाय वेळ. सकाळी आठला गर्दी असते, कॉफी पडून राहत नाही, मशीन चालू असतं. आज मी आलेय दुपारी तीनला.

मला सगळ्यात हसू कशाचं येतं, त्या बारपासून वीस पावलांवर त्याच दुकानाच्या शेल्फवर इथल्याच एका रोस्टरची, म्हणजे कॉफी भाजणाऱ्याची, पाकिटं आहेत, भाजल्याची तारीख छापलेली, नऊ दिवसांपूर्वीची, म्हणजे एस्प्रेसोला अगदी योग्य. त्यातल्या एका ब्लेंडमधे तर आपला मॉन्सून मलबार आहे, पश्चिम किनाऱ्यावरच्या पावसाळी हवेत फुगवलेल्या त्या फिकट बिया, त्यांनी क्रेमा जाड येतो. पाकीट शेल्फवर आणि बारच्या ग्राइंडरमधे काय आहे, कधीचं आहे, विचारलं तर तो बिचारा म्हणाला, “डार्क.”

(घड्याळ बघत) अरे, आइस्क्रीम! मागं वितळायला लागलं असणार. चला, चमचा आहे गाडीत. (डबा उघडून, उरलेला एस्प्रेसो वर ओतत) इटलीत ह्याला अफोगातो म्हणतात, ‘बुडवलेला’. हं... हे बरंय की. पोरांना सांगू नका.