फॉरमॅट मारायच्या आधी

(दृश्य : कोल्हापूरचं शाहू मार्केट यार्ड, सकाळ. हमालाच्या खांद्यावरून गुळाचा रवा, म्हणजे ढेप, काट्यावर उतरतो. कॅमेरा मागोमाग अडत दुकानात.)

रवा ३० किलोचा. वजन झालं, आकडा पुकारला, आता आतल्या टेबलावर हिशेबाची पट्टी निघायला हवी. ती निघत नाही. पडद्याच्या मधोमध एक चौकट ठाण मांडून बसली आहे : ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले.’ फुलीवर क्लिक केलं की ती जाते आणि खालच्या कोपऱ्यातून दुसरी वर येते.

(दृश्य : सीपीयूच्या पेटीवर खंडेनवमीचं हळदकुंकू. फटीत अडकलेली झेंडूची वाळकी पाकळी.)

यंत्रात बिघाड नाही. हार्ड डिस्क ठणठणीत, रॅम ८ जीबी, वर विंडोज ११. तरी बटण दाबल्यापासून टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, उघडेपर्यंत चार मिनिटं जातात, कारण टॅलीच्या आधी ११ प्रोग्रॅम रांगेत उभे असतात. त्यांतले सात या दुकानात कुणी मागितलेलेच नव्हते.

(दृश्य : राजारामपुरीतलं दुरुस्तीचं टेबल. पेटी टेबलावर ठेवली जाते, वायरी जोडल्या जातात.)

यावर गिऱ्हाईकाच्या तोंडी एकच उतारा असतो : “लई स्लो झालंय, फॉरमॅट मारून द्या की.” आणि तो मारलाही जातो, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्यानं टाकलं जातं. ढेकणासंगं हिरा भंगतो म्हणतात ते हेच. टॅलीचा डेटा सी ड्राइव्हवर असेल आणि बॅकअप नसेल, तर नको त्या सात प्रोग्रॅमांबरोबर तोही जातो. या टेबलावर आज फॉरमॅट होणार नाही.

आधी बघू, हे सात आत आले कसे.

(दृश्य : पडदा जवळून. डाउनलोडचं पान, चार मोठी हिरवी बटणं.)

दोन पीडीएफ जोडायच्या होत्या, म्हणून फुकटचं सॉफ्टवेअर शोधलं गेलं. या पानावर डाउनलोडची चार बटणं आहेत, त्यांतली तीन जाहिराती आहेत. खरं बटण बारीक अक्षरात, खाली. चुकून वरचं दाबलं की सेटअपची वेगळीच फाइल उतरते. ती उघडल्यावर दुसऱ्या पानावर दोन पर्याय दिसतात. ‘एक्सप्रेस’ ठळक आणि आधीच निवडलेला. ‘कस्टम’ इतका फिकट, की चालत नसावा असं वाटतं. पण तो चालतो. त्याच्यावर क्लिक केलं की चार टिका उघड्या पडतात : सर्च बार, हवामान दाखवणारं काहीतरी, पीसीचा वेग वाढवणारं काहीतरी, आणि ब्राउझरचं पहिलं पान बदलण्याची परवानगी. टिका काढल्या तर फक्त पीडीएफचं सॉफ्टवेअर बसतं. नेक्स्ट, नेक्स्ट करत गेलात तर पाच वस्तू बसतात. असं एकेक इन्स्टॉल झाल्यामागे फुकटवाल्याला पैसे मिळतात. त्याचं दुकान त्यावरच चालतं.

(दृश्य : पेन ड्राइव्ह लावला जातो.)

काढण्यापूर्वी दोन कामं. टॅलीत डेटाचा पाथ बघून तो अख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर. मग सर्चमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ टाइप करायचं आणि सी ड्राइव्हपुढे प्रोटेक्शन ‘ऑन’ आहे का पाहायचं. ते पुष्कळदा बंद असतं. चालू करून मगच पॉइंट घ्यायचा. रिस्टोअर पॉइंट विंडोजची घडी परत बसवतो, तुमच्या फायली परत आणत नाही. म्हणून पेन ड्राइव्ह आधी.

(दृश्य : कंट्रोल पॅनेल, प्रोग्रॅमांची लांबलचक यादी.)

सेटिंग्जमधल्या ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’मधूनही काढता येतं, पण जुन्या कंट्रोल पॅनेलमधली ही यादी जास्त बोलकी आहे. ‘इन्स्टॉल्ड ऑन’ या रकान्याच्या डोक्यावर क्लिक करा. यादी तारखेनं लागते आणि पीडीएफच्या सॉफ्टवेअरला चिकटून त्याच तारखेची सगळी पिलावळ दिसते. अपडेटमुळे एखाद्याची तारीख बदललेली असते, म्हणून पुढच्या-मागच्या दिवसांवरही नजर टाकायची.

नाव अनोळखी दिसलं म्हणून लगेच काढायचं नाही. ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्यूटेबल’ या नावाच्या पाच-सहा ओळी दिसतील. त्यांच्यावर दुसरी सॉफ्टवेअर उभी असतात. एक काढली की भलतंच काहीतरी उघडायचं बंद होतं. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हरही असाच परका वाटतो. तो काढला की जीएसटीच्या रिटर्नवर सही करताना टोकन सापडत नाही.

(दृश्य : काढण्याची चौकट, अगदी जवळून. माउसचा बाण दोन बटणांमध्ये थांबतो.)

ही चौकट नीट वाचा. विचारलंय, ‘आमची सेवा चालू ठेवायची ना?’ मोठं निळं बटण ‘हो’चं आहे. अनइन्स्टॉल हा शब्द खाली डाव्या कोपऱ्यात, बटणही नाही, नुसती करडी ओळ. घाईत निळं दाबलं जातं आणि काढलं असं समजून माणूस उठतो.

सात काढून झाले की रीस्टार्ट. शट डाउन करून परत चालू करणं वेगळं. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा झोपवून ठेवला जातो, आणि पुढच्या सुरुवातीला पुसायच्या म्हणून राखून ठेवलेल्या फायली तशाच राहतात.

(दृश्य : फोल्डरांत फोल्डर. ‘हिडन आयटम्स’वर टिक.)

बरेच जण इथं थांबतात, आणि काढलेला सर्च बार परत येतो. कारण उरलेलं बाकी असतं. ते शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत : दोन ‘प्रोग्रॅम फाइल्स’, लपवलेला ‘प्रोग्रॅम डेटा’ आणि युजरच्या ‘ॲपडेटा’तले ‘लोकल’ व ‘रोमिंग’. ‘लोकल’ला जास्त वेळ द्यावा. काही प्रोग्रॅम अख्खेच्या अख्खे तिथं बसतात, त्यासाठी ॲडमिनचा पासवर्ड लागतच नाही. एका युजरमधून काढलेला प्रोग्रॅम दुसऱ्या युजरमध्ये शाबूत सापडतो, तो यामुळे.

पण फोल्डर लगेच पुसायचा नाही.

(दृश्य : टास्क शेड्युलर. यादीतल्या एका ओळीवर बाण.)

हा टास्क शेड्युलर, ठरल्या वेळी कामं आपोआप सुरू करणारा. विंडोजची, ब्राउझरच्या अपडेटची आणि प्रिंटरची कामं इथं असतात, ती तशीच राहू द्यायची. ही मधली ओळ पाहा. नावात ‘अपडेट’ आहे, कशाचं ते नाही. ‘ट्रिगर्स’मध्ये लिहिलंय : लॉग ऑन झाल्यावर, आणि मग दर तासाला. ‘ॲक्शन्स’मध्ये फाइलचा पूर्ण पत्ता. पत्ता जातो तो ‘लोकल’मधल्या त्याच फोल्डरकडे. दर तासाला ही ओळ बघते, सर्च बार जागेवर आहे का. नसेल तर नेटवरून परत आणते. म्हणून पत्ता कागदावर उतरवून घ्यायचा, आधी हा टास्क डिलीट करायचा, मग त्या पत्त्यावरचा फोल्डर. टास्क तसाच ठेवून नुसता सर्च बार काढलात तर तो तासाभरात परत उभा राहतो.

‘सर्व्हिसेस’मध्येही, म्हणजे पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रॅमांच्या यादीतही, एक सापडली. आधी ‘स्टॉप’, मग ‘डिसेबल्ड’, मग ॲडमिन म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत ‘एससी डिलीट’ आणि सर्व्हिसचं नाव. यादीत दिसतं ते नाव नव्हे; सर्व्हिसवर डबल क्लिक केल्यावर पहिल्या ओळीत येतं ते. आता एक खाच. विंडोज ११ मध्ये टर्मिनल उघडलं की पॉवरशेल येतं, आणि तिथं ‘एससी’ या दोन अक्षरांचा अर्थ वेगळा आहे, फाइलमध्ये मजकूर लिहिणं. सर्व्हिस जागची हलत नाही, उलट ‘डिलीट’ नावाची एक फाइल तयार होते. म्हणून तिथं ‘एससी डॉट ईएक्सई’ असं पूर्ण लिहायचं. आणि ‘मार्क्ड फॉर डिलीशन’ असं उत्तर आलं तर सर्व्हिसेसची खिडकी उघडी राहिली आहे. ती बंद करा, काम होतं.

(दृश्य : ब्राउझर. कोपऱ्यातून पुन्हा तीच व्हायरसची चौकट.)

आणि ही चौकट? ती प्रोग्रॅमच नाही. कुठल्यातरी साइटनं ‘अलाउ’ विचारलं होतं, कुणीतरी दाबलं. ब्राउझरच्या ‘साइट सेटिंग्ज’मध्ये ‘नोटिफिकेशन्स’ उघडून त्या साइटची परवानगी काढली की व्हायरस संपले. ब्राउझरमधलीच एक्स्टेन्शन्स, म्हणजे त्याला जोडलेली छोटी साधनं, बघायची. डेस्कटॉपवरच्या ब्राउझरच्या आयकॉनवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधलं ‘टार्गेट’ही वाचायचं, फाइलच्या नावापुढे वेबसाइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर तो खोडायचा.

(दृश्य : रजिस्ट्री एडिटर. टेबलामागचा माणूस माउसवरून हात काढून घेतो.)

रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, शिरायचं ते फक्त नाव माहीत असलेल्या नोंदीसाठी. नोंद आधी ‘एक्स्पोर्ट’ करून ठेवायची, मग पुसायची. सगळी रजिस्ट्री एका फटक्यात साफ करणारी सॉफ्टवेअर वापरू नयेत. मायक्रोसॉफ्टही त्यांना पाठिंबा देत नाही. तसाच ‘विंडोज’मधला लपवलेला ‘इन्स्टॉलर’ फोल्डर. काही जीबी खाऊन बसलेला दिसतो, हात शिवशिवतात. पण पुढे पुष्कळशी सॉफ्टवेअर दुरुस्त करायची किंवा काढायची तर लागणाऱ्या फायली त्याच्यातच असतात.

हटून बसलेलं सॉफ्टवेअर सेफ मोडमधून, म्हणजे विंडोज अगदी गरजेपुरतंच चालू करून, काढता येतं : शिफ्ट दाबून रीस्टार्ट, ‘ट्रबलशूट’, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’, पुन्हा रीस्टार्ट, मग ४. मात्र विंडोज इन्स्टॉलर ही सर्व्हिस सेफ मोडमध्ये चालत नाही, म्हणून तिच्यामार्फत बसलेली सॉफ्टवेअर तिथून निघत नाहीत. ती नेहमीच्या मोडमध्येच काढायची. अँटीव्हायरससाठी बनवणाऱ्या कंपनीचंच काढणी-साधन घ्यावं, आणि ते कंपनीच्याच साइटवरून.

(दृश्य : ऑटोरन्सची यादी, पिवळ्या आणि गुलाबी ओळी.)

शेवटची झडती मायक्रोसॉफ्टच्याच ‘ऑटोरन्स’नं. विंडोजबरोबर सुरू होणारं सगळं एका यादीत. पिवळी ओळ म्हणजे फाइल गेली, नोंद उरली. इथं तीन पिवळ्या आहेत, तिन्ही आत्ता काढलेल्यांच्या. गुलाबी ओळ म्हणजे बनवणाऱ्याची सही नाही. ती वाईटच असते असं नाही, पण पत्ता वाचल्याशिवाय सोडायची नाही. आधी टिक काढायची, दोन दिवस सगळं नीट चाललं की ओळ डिलीट.

(दृश्य : पुन्हा मार्केट यार्ड. पेटी जागेवर. टॅली उघडते. प्रिंटरमधून पट्टी.)

बटण दाबल्यावर आता चार प्रोग्रॅम उठतात. मालाची नोंद करणाऱ्या मुलासाठी वेगळा साधा युजर केला आहे, ॲडमिनचा पासवर्ड मालकांकडे. ‘लोकल’मध्ये बसणारी सॉफ्टवेअर यानं अडत नाहीत, बाकीची अडतात.

काही टास्क आठवड्यानं जागे होतात. म्हणून आठ दिवसांनी टास्क शेड्युलर पुन्हा उघडून बघायचा आहे.

(दृश्य : काट्यामागच्या भिंतीवरचं कॅलेंडर. एका तारखेभोवती पेनानं गोल.)