आढ्याखालची हवा

नमस्कार श्रोतेहो.

जुन्या घराच्या वरच्या खोलीत उन्हाळ्यात रात्री अकरालाही छताची ऊब अंगावर येत असते. थंडीत त्याच खोलीत हीटर लावून बसलं, तर डोकं गरम आणि पाय गार. मग घरात ठरतं, एसी किंवा हीटरचं यंत्र लहान पडतंय, मोठं घेऊ या. ते घेण्याआधी एकदा माळ्यावर चढून या, एवढं सांगायला मी आज आले आहे.

कडक उन्हात गडद रंगाचं छप्पर सहज ६५ अंशांच्या पुढे तापतं आणि खालच्या बाजूला धग फेकत राहतं. माळ्यावरची हवा ५० अंशांच्या वर जाते. आपल्या खोलीचं छत म्हणजे या भट्टीचा तळ. तेव्हा वर जायचं ते पहाटे, हातात टॉर्च घेऊन. पाय फक्त तुळयांवर ठेवा, मधल्या छताच्या फळ्यांवर नाही.

आढ्याचं पाणी वळचणीला, असं आपण म्हणतो. हवेचा रस्ता नेमका उलटा. ती वळचणीतून आत येते, तापते आणि आढ्याकडे चढते. म्हणून खाली वळचणीला फट हवी आणि वर आढ्याजवळ झरोका. जुन्या घरांत अनेकदा दोन्ही असतात, पण पाखरं येतात, धूळ येते म्हणून कधीतरी कुणीतरी ती बुजवलेली असतात. ती आधी मोकळी करा, जाळी लावा. सर्वसाधारण हिशेब असा, की माळ्याच्या क्षेत्रफळाच्या तीनशेव्या भागाइतकी मोकळी जागा हवी, साधारण निम्मी खाली आणि निम्मी वर. माळा ४५ चौरस मीटरचा असेल, तर सगळी मिळून १५०० चौरस सेंटिमीटर. जाळी त्यातली बरीच जागा खाते, तेवढी वाढवून धरा.

पंखा लावून गरम हवा बाहेर फेकू, असं कुणी सुचवेल. थोडं थांबा. छताला फटी असतील, तर तो पंखा खालच्या खोलीतली गार केलेली हवाच वर ओढून घेतो.

या फटींबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण त्या कुणी बघतच नाही. दिव्यांची भोकं, वायरी आणि नळ वर जातात त्या जागा, माळ्याचं दार, भिंत आणि छत यांचा सांधा. खोलीतले दिवे लावा आणि काळोख्या माळ्यावर बसून पाहा. उजेड जिथून वर येतो, तिथून हवाही येते. वर उष्णता अडवायला घातलेला काचलोकरीचा, म्हणजे काचेच्या बारीक तंतूंचा जुना थर असेल, तर त्यावरचे काळे डाग शोधा. त्या जागी लोकरीने वर्षानुवर्षं गाळणीसारखी खोलीतली धूळ धरून ठेवलेली असते. थंडीत याच फटींतून उबदार, दमट हवा वर जाते, गार छपराला आतून दव धरतं आणि वासे कुजू लागतात. न्हाणीघराचा एक्झॉस्ट पंखा माळ्यावर सोडलेला असेल, तर त्याचं तोंड आधी घराबाहेर न्या.

फटी बुजल्या की मग उष्णतारोधक थर. काचलोकर किंवा दगडी लोकर दाबून कोंबू नका. काम करते ती तिच्यात अडकलेली हवा, दाबली की ती निघून जाते. चकचकीत फॉइल लावणार असाल, तर तिच्या चकचकीत बाजूसमोर दोनेक सेंटिमीटरची पोकळी राहू द्या. ती कशालाही टेकली की उष्णता सरळ आरपार जाते. माळ्यावर झोपायची खोली करायची असेल, तर थर तळाला न घालता छपराच्या उतारालाच लावावा लागतो.

तीन बाबतींत मात्र स्वतः हात घालू नका. जुनी उघडी वायरिंग थराखाली झाकली तर तापते. जुने पत्रे किंवा जुना थर अ‍ॅस्बेस्टॉसचा असू शकतो, तपासल्याशिवाय तो हलवूही नका. आणि घरात गॅसचा गीझर किंवा शेगडी असेल, तर फटी बुजवल्यानंतर तिचा धूर बाहेर नीट जातोय का, हे जाणकाराकडून पाहून घ्या. त्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो.

आता डक्ट, म्हणजे यंत्रातली गार हवा माळ्यावरून खोल्यांत नेणारी नळी. एका उन्हाळ्यात माझ्या कोपऱ्यातल्या खोलीत गार हवा येईनाशी झाली. कंप्रेसर दिवसभर चालू. कारागीर दोनदा गॅस तपासून गेला. शेवटी मीच माळ्यावर गेले, तर एका कोपऱ्यात चक्क गारठा. डक्टचा सांधा सुटलेला आणि त्यावरची कापडी टेप वाळून सालीसारखी लोंबत होती. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेने १९९८ साली अशा टेपांची चाचणी प्रसिद्ध केली होती. डक्ट टेप या नावाने विकली जाणारी ही कापडी टेपच डक्टच्या सांध्यांवर टिकत नाही, असं तिथे दिसलं. सांधा आधी स्क्रूने आवळा, मग ब्रशने मॅस्टिकचा, म्हणजे सांधे बुजवणाऱ्या घट्ट लुकणाचा लेप द्या आणि वरून थर गुंडाळा. खोली २५ अंश आणि बाहेर ३८ असेल, तर भिंतीला १३ अंशांचा फरक सोसायचा असतो. डक्टमध्ये १४ अंशांची हवा आणि भोवती ५४ अंशांचा माळा, म्हणजे तिथे फरक ४० अंशांचा.

हे सगळं झालं, की जुनंच यंत्र एक उन्हाळा चालवून बघा. एसीची गार करण्याची ताकद टनांत मोजतात, एक टन म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट. गरजेपेक्षा मोठं यंत्र खोली पटकन गार करून बंद पडतं, हवेतली ओल काढायला त्याला वेळच मिळत नाही, आणि अंगाचा चिकचिकाट तसाच राहतो. एक थर्मामीटर माळ्यावर ठेवा, एक खोलीत. आठवडाभर दुपारी तीन आणि रात्री दहाचे आकडे लिहून काढा. नवं यंत्र घ्यायचंच ठरलं, तर किती टनाचं हे विचारायच्या आधी तो कागद कारागिराच्या हातात द्या.

नमस्कार.