चाकू, चीर आणि सोनचाफा

वसई तालुक्यातल्या आगाशीच्या या वाडीत अजून उजाडलेले नाही, तरी डोक्याला बॅटरी बांधून खुडणी सुरू झाली आहे. सोनचाफ्याच्या कळीवरचे लवदार टोपण गळून पडते आणि पाकळ्यांची टोके जराशी सैल होतात. नेमक्या त्या अवस्थेत, नखाने देठ दाबून, कळी काढायची असते. ऊन वर आल्यावर पूर्ण उमललेले फूल लवकरच पाकळ्या टाकते, आणि पाकळी जिथे चुरगळते तिथे तपकिरी डाग उमटतो. म्हणूनच हे हात देठापलीकडे फुलाला शिवत नाहीत.

या बुटक्या झाडांकडे पाहून खरे वाटणार नाही, पण रानातला सोनचाफा हा मोठा वृक्ष आहे. तो शंभर फुटांच्याही वर जातो आणि ईशान्य भारतात त्याच्या लाकडाचे फर्निचर होते. लिनियसने १७५३ मध्ये त्याला मायकेलिया चंपाका हे नाव दिले. आता शास्त्रज्ञ त्याला मॅग्नोलिया चंपाका म्हणतात. बियांपासून वाढवलेल्या झाडाला फुले यायला आठ-दहा वर्षे लागतात, आणि तोवर फांद्या हाताबाहेर गेलेल्या असतात. अशा झाडावर कोणाचे घर चालत नाही.

घर चालते ते कलमांवर, म्हणून हे काम जरा सावकाश पाहावे. पिशवीतले चाफ्याचे बीजरोप हा खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधायचे ते रोप. त्याचा शेंडा धारदार चाकूने सरळ छाटून मधोमध इंच-दीड इंचाची उभी चीर दिली जाते. भरपूर फुलणाऱ्या मातृवृक्षावरून आणलेल्या डोळकाडीची, म्हणजे खुंटावर जोडायच्या डोळे असलेल्या काडीची, पाने काढलेली आहेत, त्यांच्या देठांचे तुकडे मात्र राखले आहेत. काडीचे खालचे टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचर केली, की ती चिरेत बसवायची. खुंट आणि काडी यांची जाडी सारखी नसेल, तर निदान एका बाजूला साल सालीला भिडलीच पाहिजे, कारण जोड धरतो तो सालीखालच्या ओलसर थरातून, मधल्या लाकडातून नव्हे. मग जोडात पाणी उतरू नये म्हणून प्लॅस्टिकची पट्टी खालून वर घट्ट गुंडाळायची आणि काडी सुकू नये म्हणून वर पिशवीची टोपी घालायची. काही आठवड्यांत डोळे फुगले, तर कलम लागले. कोकणात नावाजलेला वेलणकर चाफा असाच कलमांतून पसरला. असे कलम पहिल्या-दुसऱ्या वर्षीच फुलू लागते. सोनचाफा शेतीचे पीक झाला तो या चाकूमुळे, असे म्हणायला हरकत नाही.

इथली लागवड साधारण दहा-दहा फुटांवर आहे. फूल नव्या फुटव्यावर, पानाच्या बगलेत येते. त्यामुळे छाटणी करून झाड डोक्याइतके ठेवले, की फुटवेही वाढतात आणि खुडणाऱ्याचा हातही पोहोचतो. मुळाशी पाणी साचलेले चाफ्याला चालत नाही, तेव्हा वसईची रेताड जमीन त्याच्या सोयीचीच आहे. उन्हाळ्यात मात्र पाणी द्यावेच लागते, आणि ते येते या बावखलातून, म्हणजे वाडीतल्या गोड्या पाण्याच्या तळ्यातून. अशी पुष्कळ बावखले बुजली, विहिरी खारट झाल्या आणि वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या.

लोकलच्या मालडब्यातून टोपल्या दादरला उतरतात. फूलबाजारात झेंडू किलोवर जातो, सोनचाफा शेकड्यावर. म्हणून इथे तराजूपेक्षा मोजणारी बोटेच जास्त दिसतात. श्रावण, गणपती, नवरात्र आणि मार्गशीर्षातले गुरुवार हे त्याच्या मागणीचे दिवस. बहुतेक फुले पूजेला आणि केसांत जातात. अत्तरासाठी त्यांचा अर्क चंदनाच्या तेलात उतरवतात. तुरटीच्या पाण्याने भरलेल्या बाटलीत चाफा ठेवण्याची जुनी हौसही काही घरांत टिकून आहे. त्यात फूल दिसायला छान राहते, वास अर्थातच मिळत नाही.

मुंबईतल्या गॅलरीतही हे कलम फुलते, मात्र पिंप मोठे हवे, त्याच्या तळाला भोके हवीत आणि दिवसाचे पाच-सहा तास ऊन हवे. जोडाच्या खाली खुंटाला फुटलेले धुमारे दिसताच काढून टाकावेत, नाहीतर खुंटच जोर धरतो आणि वरचे कलम मागे पडते.